लहान मुलांना जमेल असं काहीतरी

मण्यांचं काम उस्तादच्या गळ्यात पडलं ते त्याच्या उजव्या हातामुळे. नाहीतर मणी, दोरा, सुई या वस्तूंशी त्याचा जन्मात कधी संबंध आला नसता.

तो बस चालवायचा. बाकीच्या ड्रायव्हरांना जिथे दोनदा मागेपुढे करावं लागायचं, तिथून तो लांबलचक गाडी एका दमात वळवून न्यायचा. म्हणून डेपोतले सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मग एके दिवशी चाक बदलताना जॅक निसटला आणि हात खाली सापडला. हाडं जुळली, टाके निघाले, पण मधली दोन बोटं अर्धी मिटून तिथेच अडून बसायची आणि अंगठा मनात आलं तर ऐकायचा, नाहीतर नाही. दवाखान्यात हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या. सगळे पेशंट त्यांना व्यायामाच्या बाई म्हणायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर लाकडी मण्यांची वाटी आणि एक दोरा ठेवला.

"हे ओवा," बाई म्हणाल्या.

"मी?"

"तुम्हीच. मला येतं."

पहिले काही आठवडे उस्तादने त्या मण्यांना ज्या शिव्या घातल्या, त्या त्याने बंद पडलेल्या गाडीलाही कधी घातल्या नव्हत्या. चिमटीत धरलेला मणी टुणकन उडायचा आणि कपाटाखाली जायचा. पण हट्ट ही त्याची जुनी खोड होती. एवढंसं भोक आपल्याला दाद देत नाही म्हणजे काय! तो घरीही मणी घेऊन बसायला लागला. हळूहळू मणी लहान होत गेले, दोरा बारीक होत गेला, आणि एक दिवस त्याने बायकोच्या चष्म्याला गळ्यात अडकवायची मण्यांची दोरी करून दिली. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती दोरी बघून गिऱ्हाईकं विचारायला लागली. "वेळ जात नाही म्हणून करतो झालं," असं उस्ताद चारचौघांत म्हणायचा, पण कुणी विचारलं की त्याच्या मिश्या थोड्या वर जायच्या.

अशातच व्यायामाच्या बाईंनी त्याला गाठलं.

"शनिवारी सकाळी माझ्याकडे लहान मुलं येतात. कुणाचा हात मोडलेला, कुणाचा भाजलेला. स्पंजचा बॉल दाबून दाबून कंटाळलीत बिचारी. तुम्ही त्यांच्याकडून मण्यांचं काहीतरी करून घ्याल का? सहा-सात वर्षांची आहेत, कधी मणी हातात धरलेला नाही. सोपं काहीतरी आखा."

बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत उस्ताद हो म्हणाला. अपघात झाल्यापासून घरीदारी जो तो त्याला 'तू बस, आम्ही करतो' एवढंच सांगत होता. कुणीतरी 'तुम्ही करा' म्हणणारं निघालं, याचंच त्याला अप्रूप वाटलं.

घरी येईपर्यंत त्याचं ठरलंसुद्धा होतं. बस करायची. मण्यांची, हातात मावेल एवढी, निळी बस, मधून पांढरा पट्टा, खाली काळी चाकं. बस कुठल्या मुलाला आवडत नाही? त्याने चौकटीचा कागद घेतला, एका चौकटीला एक मणी असं धरून रंग भरले आणि बाजारातून मोठ्या भोकाचे प्लॅस्टिकचे मणी आणि ते ओवायला नायलॉनचा गुळगुळीत दोरा, तंगूस, आणला. तंगसाची दोन टोकं एकाच मण्यातून उलटसुलट घालायची, ओढायची, की एक ओळ बसते. मग पुढची ओळ. वरकरणी काही अवघड नाही. फक्त मधेच कुठे ताण सैल पडला, की सगळी बस एका बाजूला कलते.

त्याची बस तीनदा कलली. तिन्ही वेळा त्याने ती उसवली. अखेर कितीतरी संध्याकाळी खर्ची पडल्यावर ती टेबलावर सरळ उभी राहिली तेव्हा त्याने बायकोला हाक मारली.

बायकोने बस हातात घेतली, उलटी केली, खिडक्यांवरून बोट फिरवलं. "अहो, फारच सुरेख झालीय."

"झालीय ना?"

"हो. पण मुलांना जमेल का?"

"न जमायला काय झालं? मी दाखवणार ना."

"तुम्हाला किती दिवस लागले?"

"माझा हात असा आहे म्हणून लागले."

"आणि त्यांचे हात?" बायको म्हणाली. "त्यांचे हात चांगले असते तर ती दवाखान्यात कशाला आली असती?"

उस्ताद चिडला. "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे. दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढतेस आणि घरी आलीस की माझे."

"मी आपलं विचारलं," बायको म्हणाली आणि आत गेली. ती अशी न भांडता आत गेली की त्याला जास्त राग यायचा.

ते काही नाही, करूनच दाखवायचं, असं म्हणून त्याने वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईकडून भाचीला बोलावून घेतलं. तिला घरात सगळे चिमणी म्हणायचे. वय अगदी बाईंनी सांगितलेलं, हात धडधाकट, आणि मण्यांशी ओळख शून्य. पूर्वतयारीला याहून चांगलं माणूस कुठे मिळणार?

चिमणी उड्या मारतच खाली आली. बस बघून तिने टाळ्या पिटल्या. इथवर सगळं झकास होतं.

"हे बघ," उस्ताद म्हणाला. "आधी चार काळे घे."

"मला जांभळे पाहिजेत."

"चाकं काळी असतात."

"माझ्या बसची जांभळी आहेत."

उस्तादने दोन सेकंद डोळे मिटले. "बरं, जांभळे घे. आता हे टोक असं आत, आणि हे दुसरं टोक त्याच मण्यातून उलट्या बाजूने. अगं, त्याच मण्यातून! तो नव्हे, तो पुढचा. हां, आता ओढ. दोन्हीकडून ओढ. अगं, सोडलंस कशाला?"

"माझं नाक खाजलं."

तंगूस गुळगुळीत. एकदा सुटला की सगळे मणी सरसर खाली. टेबलाला थोडा उतार होता, हे उस्तादला आजवर माहीतच नव्हतं. मणी ओळीने टेबलाच्या कडेपर्यंत गेले आणि टपाटप जमिनीवर पडले. चिमणीला त्यातच मजा वाटली. तिने मुद्दामच आणखी दोन सोडले. उस्तादने खाली वाकून सगळे गोळा केले, पुन्हा ओवून दिले. पुन्हा तिने चुकीच्या मण्यात टोक घातलं. पुन्हा त्याने सांगितलं. चौथ्या वेळी त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"आण इकडे, मी करतो!" म्हणत त्याने ते तिच्या हातातून ओढलं. ओढलं उजव्या हाताने. अंगठ्याने नेमका तेव्हाच संप पुकारला, तंगूस निसटला आणि होती नव्हती ती ओळही खोलीभर झाली.

चिमणी रडली नाही. ती खुर्चीवरून उतरली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, "मामा, तू शिकवत नाहीस. तू हिसकावतोस." आणि जिना चढून निघून गेली.

थोड्याच वेळात ताई खाली आली. "काय केलंस रे तिला? जेवायला बसत नाहीये. म्हणते, मामाचे मणी नकोत आणि मामापण नको."

"मी काही केलं नाही. तिचं लक्षच नसतं."

"सहा वर्षांची आहे ती. तिचं लक्ष तुझ्या बसमध्ये कशाला असेल?" ताईने वाकून पायाखालचा एक मणी उचलला, टेबलावर ठेवला, आणि तोही घरंगळत गेला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं, पण उचलला कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी हाताच्या तपासणीची वेळ होती. आज बाईंना साफ सांगून टाकायचं, की मला हे जमणार नाही, दुसरं कुणी बघा, असं उस्तादने वाटेत घोकलं. पण बाईंनी आधी मुठीची ताकद मोजायचं यंत्र पुढे केलं. त्याने दातओठ खाऊन दाबलं. बाईंनी काटा पाहिला, परत दाबायला लावलं, पुन्हा पाहिला आणि यंत्र बाजूला ठेवलं.

"गेल्या महिन्याएवढंच आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधीच्या महिन्याएवढंच."

"म्हणजे?"

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. रोजच्या कामाला हा हात चालेल, आणखी सरावेलही. पण मोठी गाडी दिवसभर ओढायची, अडचणीच्या वेळी एकदम स्टिअरिंग मारायचं, एवढी पकड परत येईल असं मला वाटत नाही. डॉक्टरांचंही तेच मत आहे."

उस्तादला हे कळत नव्हतं असं नाही. गेले कितीतरी दिवस ते त्याच्या आसपास घोटाळत होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याचं पित्त खवळलं.

"मग एवढे महिने मला मणी कशाला ओवायला लावलेत? त्या मण्यांनी काय झालं? माझी थट्टा चालवलीत का?"

"त्या मण्यांनी तुम्ही स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं लावायला लागलात."

"बटणं लावण्याचा पगार मिळत नाही मला!"

"माझ्यावर ओरडू नका!" बाईंचाही आवाज चढला. त्यांना असं बोलताना उस्तादने कधी ऐकलं नव्हतं. "सकाळपासून पाणी प्यायला फुरसत नाही मला. प्रत्येकाला वाटतं, त्याचा हात मी मुद्दाम अडवून ठेवलाय. मलाही वैताग येतो हो. सगळे बरे होऊन गेलेले मला आवडणार नाहीत का?"

बाहेर बाकावरचे पेशंट दाराकडे बघत होते, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

उस्ताद उठला. दारापाशी जाऊन म्हणाला, "आणि ते शनिवारचं मला जमणार नाही."

"मी मुलांना सांगून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "नाही करायचं तर त्यांना तुम्हीच येऊन सांगा. मी सांगणार नाही."

तो पाय आपटत घरी आला. पेच पक्का होता. करायचं तर जमत नाही, आणि नाही म्हणायचं तरी तिथे जायलाच हवं. बायको दुकानातून आली तेव्हा तो टेबलाशी बसला होता. बाई काय म्हणाल्या, असं तिने विचारलं. "नेहमीचंच," तो म्हणाला. हाताबद्दलचं त्याने सांगितलं नाही. शनिवारचं मात्र सांगून टाकलं.

"मग काय ठरवलंत?"

"काय ठरवू? सोपं काहीतरी आखा म्हणे! सोपं म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. मला जे सोपं वाटतं ते त्या चिमटीएवढ्या पोरीला जमत नाही."

"तुम्हाला पहिल्या दिवशी काय अवघड गेलं होतं?" बायकोने विचारलं.

"आता कोणाला आठवतंय! सगळंच अवघड गेलं होतं."

बायको चहा ठेवायला गेली. उस्ताद एकटाच चडफडत बसला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने डावा हात पाठीमागे पँटच्या पट्ट्यात खोचला आणि फक्त उजव्याने एक मणी ओवून बघायचं ठरवलं. आजवर बाईंनीही त्याला असं कधी करायला लावलं नव्हतं.

ते भयंकर होतं. मणी धरावा तर दोरा कशात धरायचा? दोरा टेबलावर ठेवून मणी त्याच्यावर ढकलावा, तर दोरा पुढे पळतो. टोक मऊ, भोकाशी जाऊन दुमडतं. मणी सुटला की टेबलभर. त्याला घाम फुटला. पुन्हा शिव्या तोंडात आल्या, अगदी त्याच, पहिल्या दिवसाच्या. पण या वेळी प्रत्येक शिवीला त्याला नेमकं कळत होतं, की ती कशासाठी निघतेय. मणी पळतो म्हणून. दोरा हलतो म्हणून. टोक वाकतं म्हणून.

चहा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. "हे काय चालवलंय?"

"एक टॉवेल आण, जाडसर. आणि चिकटपट्टी. आणि तुझी ती नखं रंगवायची बाटली असेल तर तीपण."

टॉवेल ताटात अंथरल्यावर मणी पडले तिथेच राहायला लागले. दोऱ्याचं एक टोक टेबलाला चिकटवलं, की दोरा हलेना. दुसऱ्या टोकाला नखांचा रंग लावून वाळवला, की ते सुईसारखं ताठ झालं. तंगूस त्याने खणात टाकून दिला आणि बुटाच्या नाडीसारखी जाड दोरी घेतली. तरीही एका हाताने एक मणी ओवायला त्याला खूप वेळ लागला. पण ओवला गेला.

"आता यात बस कशी बसवायची?" तो म्हणाला.

"बस राहू द्या ना हो," बायको म्हणाली.

त्याला ते फार लागलं. पण ती बरोबर बोलत होती आणि तेच जास्त झोंबलं.

मग उरला प्रश्न चिमणीचा. तिच्याशिवाय पुन्हा करून बघायला माणूस नव्हतं. उस्ताद वर गेला आणि ताईच्या दारात उभा राहून म्हणाला, "चिमणे, माझं चुकलं. हिसकावणार नाही."

चिमणीने दाराआडून विचारलं, "ओरडणार?"

"नाही."

"हात मागे ठेवून बसशील?"

ही अट जरा जास्त होती, पण त्याने मान्य केली. खाली येऊन चिमणी टॉवेल अंथरलेल्या ताटासमोर बसली. उस्ताद पाठीमागे हात बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. तिने एक लाल घेतला, मग एक जांभळा, मग पुन्हा जांभळा, मग हिरवा, मग पिवळा.

"कसलं चाललंय हे?" त्याला राहवेना. "काही नमुना ठरव. एक लाल, एक पांढरा."

"काही नाही ठरवायचं."

"अगं, काही नाही म्हणजे काय? करतेयस तरी काय?"

"मला काय माहीत? झाल्यावर कळेल."

उस्तादच्या जिवाची नुसती तगमग झाली. मार्ग न ठरवता गाडी काढणारा ड्रायव्हर त्याने डेपोत एक दिवस टिकू दिला नसता. पण ती शेवटपर्यंत उठली नाही. दोरी भरली तेव्हा ती तिने दप्तराला लावायला सांगितली. म्हणजे दप्तराला अडकवायचं लोंबतं झालं, एवढंच. रंगांना शेंडा ना बुडखा. उस्तादने मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि शनिवारसाठी तेच ठरवलं.

शनिवारी सगळं नीट होईल अशी त्याची अपेक्षा नव्हती, पण एवढं बिनसेल असंही वाटलं नव्हतं. टेबलं मोठ्या माणसांच्या उंचीची होती. मुलांच्या हनुवट्या ताटाला लागत होत्या. बाईंनी सांगितलेल्यापेक्षा मुलं जास्त होती, कारण काहींची भावंडंही आली होती आणि त्यांनाही ताट हवं होतं. मणी दवाखाना देणार होता. कुणीतरी दान दिलेली सुंदर पेटी बाईंनी कौतुकाने उघडली. काचेचे चमचमते मणी, भोकं सुईच्या टोकाएवढी. उस्तादची जाड दोरी त्यात जाणं शक्यच नव्हतं.

"हे नाही चालणार," तो म्हणाला.

"का? छान आहेत की."

"छान आहेत म्हणून ओवले जात नाहीत, बाई! भोक बघा. तुम्ही मला आधी एक मणी दाखवायचा होता."

बाईंनी भोक पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. उस्तादने पिशवीतले स्वतःचे मोठ्या भोकाचे मणी काढले आणि ताटांत वाटले. वाटता वाटता पिशवी रिकामी झाली आणि टोकाच्या ताटांत मूठभरही पडले नाहीत.

तरी त्याने सुरुवात केली. दोऱ्या चिकटवल्या. कुणाची चिकटपट्टी निघाली, कुणी ताठ टोक चावून मऊ केलं, एकाने मणी तोंडात टाकला तो बाईंनी बोट घालून काढला. उस्तादने सवयीने हात पाठीमागे धरले आणि घडीघडीला पुढे आणले. कारण गाठ सगळ्यांनाच हवी होती, आणि गाठ हाच त्याच्या अंगठ्याचा कायमचा शत्रू होता. एका गाठीत तो इतका अडकला की दातांनी ओढायची वेळ आली.

कडेला एक मुलगी बसली होती. भाजलेल्या हातावर घट्ट हातमोजा घातलेला. तिने दोरीला हातच लावला नाही. फक्त पांढरे मणी निवडून टॉवेलवर रांगेत मांडत होती.

"ओवायचे नाहीत का?" उस्तादने विचारलं.

"नाही."

"अगं, सोपं आहे. मी चिकटवून देतो."

"मला नाही ओवायचे."

त्याच्या डोक्यात पुन्हा तीच तिडीक उठली. एवढा आटापिटा केला, आणि ही पोरगी नुसती रांगा लावतेय! मणी आधीच कमी, त्यातले हिने अडवून ठेवले. तो काही बोलणार, एवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून कुणीतरी म्हणालं, "माझे संपले."

तिथे एक मुलगा बसला होता. बाहीत लपवलेला एक हात त्याने नुकताच बाहेर काढला होता. दोरी अर्धी भरली होती आणि ताट रिकामं. शेजारचेही संपतच आले होते. काचेच्या मण्यांची पेटी मधोमध निरुपयोगी चमकत होती.

उस्तादच्या पिशवीत बस होती. शेवटी मुलांना दाखवायची, म्हणजे पुढे काय काय होऊ शकतं ते त्यांना कळेल, असं त्याच्या मनात होतं. खरं तर त्याला ती कुणालातरी दाखवायचीच होती. त्याने ती बाहेर काढली. खिडक्या सरळ रेषेत बसल्या होत्या. इतकी सरळ बस आपल्याच्याने पुन्हा होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. कुणी ती मागितली नव्हती. मुलांना तर ती काय आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. त्याने डाव्या हातात कात्री घेतली, छपराजवळचा तंगूस कापला आणि बस उसवत आणली. निळे मणी टॉवेलवर पडले आणि पडल्या जागी राहिले.

"घे," तो त्या मुलाला म्हणाला. आवाज जरा खरखरीतच आला.

"सगळे?"

"शेजाऱ्याला दे त्यातले."

तास संपला तेव्हा उस्तादच्या पंजात कळा येत होत्या. काही लोंबती पुरी झाली, काही अर्ध्यावर राहिली, दोन गाठी जाताजाताच सुटल्या. मोजेवाल्या मुलीने शेवटपर्यंत एकही मणी ओवला नाही. आईचा हात धरून ती निघाली तेव्हा टॉवेलवर पांढऱ्या मण्यांच्या दोन रांगा होत्या. त्याचं काय करायचं, हे उस्तादला कळलं नाही. त्याने ताट कलतं करून मणी डब्यात ओतले.

बाई टॉवेल गोळा करता करता म्हणाल्या, "तो निळे मणी घेतलेला मुलगा पाहिलात? इतके दिवस एक हात बाहीत लपवून ठेवायचा. आज दोन्ही हातांनी काम करत होता. दोन्ही!"

"नाही पाहिलं," उस्ताद म्हणाला. "मी गाठ सोडवत होतो."

बाई हसल्या. तो हसला नाही.

बायको अर्धा दिवस सुट्टी काढून दाराशी आली होती, सामान न्यायला मदत म्हणून. दोघं चालत निघाली. चौक ओलांडला, पुढची गल्ली आली, आणि चालता चालताच उस्ताद एकदम म्हणाला, "हात आता एवढाच राहणार. मोठी गाडी नाही चालवता येणार. बाईंनी सांगितलं."

बायको थांबली. "कधी सांगितलं?"

"मागच्या तपासणीला."

"आणि तुम्ही मला आज सांगताय? त्या दिवशी मी विचारलं तर नेहमीचंच म्हणालात!"

"काय सांगणार होतो? मलाच गिळवत नव्हतं."

"मग मला अर्धं द्यायचं होतंत. एकट्याने गिळायला कुणी सांगितलं?" तिचा आवाज फाटला. रस्त्यावरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं. "मूग गिळून बसायचं आणि माझ्यावर चिडचिड करायची. नंबर काढतेस म्हणे माझे!"

ती ताडताड पुढे चालायला लागली, तोही मागोमाग. मग तिनेच वेग कमी केला आणि त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली.

"आता पुढे काय?" तिने विचारलं.

"माहीत नाही. डेपोत जाऊन बोलायला हवं. तिकिटांच्या खिडकीवर बसवतील, नाहीतर गाड्यांच्या वेळा लावायला." तो जरा थांबला. "मला ते नकोय."

"मला माहीतेय."

मग उस्तादच्या आत साचलेलं दुसरंच काही उफाळून आलं. "टेबलं किती उंच ठेवावीत याला काही सुमार? पोरांच्या हनुवट्या ताटात! आणि ते काचेचे मणी. भोक न बघता पेटी घेतात म्हणजे काय? शिवाय ती मोज्याची पोरगी. तिला दोरीच नको असेल तर दुसरं काहीतरी द्यायला हवं. पाटीवर भोकं पाडून मणी बसवता आले तर? ओवायचंच नाही, नुसतं बसवायचं. पण पाटी कशाची करायची? लाकडाची जड होईल, पुठ्ठ्याची वाकेल…"

"रस्ता बघा," बायको म्हणाली, आणि तिने त्याला दंडाला धरून सायकलच्या वाटेतून बाजूला ओढलं.

"पुठ्ठा दुहेरी लावला तरी वाकेल," उस्ताद वैतागून म्हणाला, आणि घर येईपर्यंत पुठ्ठ्यालाच बोल लावत राहिला.